आधी बोर्ड, मग कॉलेज

माझ्या सासूबाईंना कमी ऐकू येतं आणि मी कानाच्या मशिनी विकते. गोंदियाच्या बाजारातल्या एका दुकानात मी गेली कित्येक वर्षं लोकांच्या कानाचे साचे घेते, मशिनी बसवून देते, सेल बदलते, नळीत अडकलेला मळ काढते. आणि घरी आल्यावर गळ्याच्या शिरा ताणून ओरडते, "आई, भात झाला!" सासूबाईंना मशीन नको आहे. कानात किडा गेल्यासारखं वाटतं म्हणतात. शिवाय त्यांच्या मते त्यांना अगदी नीट ऐकू येतं, आम्हीच तोंडातल्या तोंडात बोलतो.

यामुळे आमच्या घरात गुपित म्हणून काही टिकत नाही. पुन्हा कॉलेजात जायचं माझ्या मनात पक्कं झालं तेव्हा मी ते आधी नवऱ्याला सांगितलं. संध्याकाळी जेवताना, अगदी हळू. म्हटलं, आधी याचा अंदाज घेऊ. तो घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.

"काय म्हणते?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई," मीच मोठ्यानं म्हटलं.

"काही नाही कसं? तोंड तं हालून राहिलं तिचं."

नवऱ्याला खोटं बोलता येत नाही आणि हळूही बोलता येत नाही. तो ओरडला, "कॉलेजात जातो म्हणते!"

"कोन?"

"ही! लोकायले बोलाले शिकवाचं कॉलेज हाये!"

"लोकायले बोलता येत नाही का?" सासूबाई म्हणाल्या आणि वरण मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेले तर दुकानदारीण म्हणाली, "ताई, कॉलेजात नाव टाकलं म्हणे?" नाव कुठलं टाकते! मला अजून अर्जाची तारीखही माहीत नव्हती.

हे खूळ डोक्यात कसं शिरलं ते सांगते. आमच्या दुकानात कान तपासायला नागपूरहून एक मॅडम आठवड्यातून एकदा येतात. त्या तपासतात, कोणती मशीन लागेल ते लिहून देतात आणि दुपारच्या गाडीनं परत जातात. बाकीचे सगळे दिवस दुकानात मी आणि सेठजी. म्हाताऱ्या माणसांचं काम सोपं असतं. मशीन लावली की ती हसतात नाहीतर रागावतात. लहान मुलांचं तसं नाही. आईबाप मूल घेऊन येतात, मशीन लावून घेतात, आणि महिना-दोन महिन्यांनी तीच मशीन रुमालात बांधून परत आणतात. "खराब हाये. पोट्टं बोलतच नाही."

अर्जुनी मोरगावकडच्या एका खेड्यातून एक बाई बल्लारशाच्या गाडीनं आली होती. घरची थोडी धानाची शेती, कडेवर चार वर्षांची मुलगी. मुलगी गोरीगोमटी, चळवळी, डोळे सगळीकडे. मशीन लागली तेव्हा मी तिच्यामागे डबा वाजवला आणि ती झटकन वळली. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर ती पुन्हा आली ती भांडायलाच.

"मॅडम, आयकू येते म्हनता ना? मंग बोलत काऊन नाही?"

मी तिला समजावलं. मशीननं आवाज आत जातो, बोलणं आपोआप येत नाही. ज्या मुलांना जन्मापासून ऐकू येतं तीसुद्धा वर्षभर नुसती ऐकतात तेव्हा कुठं एखादा शब्द बोलतात. तुमच्या मुलीचं ऐकणं आत्ता सुरू झालंय. तिला बोलायला शिकवावं लागेल.

"मंग शिकवा ना."

"मला नाही शिकवता येत. त्याचं वेगळं शिक्षण असतं. मॅडम इथं तपासणीपुरत्याच येतात. नागपूरला न्यावं लागेल, दर आठवड्याला."

ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी तिला परदेशात जायला सांगितलंय. मग म्हणाली, "बरं." हे "बरं" मी इतक्या आईबापांच्या तोंडून ऐकलं आहे की त्याचा अर्थ मला पाठ आहे. त्याचा अर्थ, जमणार नाही. धानाची रोवणी सोडून, दुसरं मूल शेजारी ठेवून, दर आठवड्याला नागपूर कोण करणार? ती गेली आणि मी दिवसभर चिडचिड करत राहिले. तिच्यावर नाही. कोणावर ते मलाही नीट कळलं नाही.

पुढच्या खेपेला नागपूरच्या मॅडमना मी हे सांगितलं. त्या माझ्यापेक्षा लहान आहेत, मला ताई म्हणतात. कानाची मशीन खोक्यात ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हीच का नाही करत ही डिग्री? कानाचं आणि बोलण्याचं एकाच अभ्यासक्रमात असतं. बारावी सायन्स आहे ना तुमचं?"

होतं. बारावी सायन्स होतं, पुढे बी.एस्सी.चं एक वर्षही होतं, मग लग्न होतं.

"मग प्रवेश परीक्षा द्या," त्या म्हणाल्या, जणू कोपऱ्यावरून चहापत्ती आणायची आहे.

ती परीक्षा म्हणजे ज्यांना डॉक्टर व्हायचंय त्या पोरापोरींचीच परीक्षा. त्याच परीक्षेच्या गुणांवर आमचाही नंबर लागणार. मला हे अजूनही पटलेलं नाही. एखाद्या मुलाला "आई" म्हणायला शिकवायचं असेल तर उतारावरून लोखंडी ठोकळा किती वेगानं घसरतो हे मला कशाला माहीत पाहिजे? पण हे विचारायचं कोणाला? मी क्लास लावला.

क्लास सकाळी, दुकान उघडायच्या आत. पहिल्या दिवशी मी पहिल्या बाकावर जाऊन बसले तर सर नम्रपणे जवळ आले. "आंटीजी, पैरेंट्स मीटिंग संडे को है."

"मैं स्टुडेंट हूँ सर."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सर गडबडले, मग म्हणाले, "बहुत अच्छा, बहुत अच्छा," आणि त्यानंतर वर्षभर त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. पोरं मात्र चांगली होती. मला आंटी म्हणायची, डब्यातलं मागायची. माझ्या शेजारी बसणारी मुलगी मला भौतिकशास्त्राची गणितं समजावून सांगायची आणि तिसऱ्यांदा समजावताना तिच्या चेहऱ्यावर जो भाव यायचा तो मी ओळखत होते. मी तोच चेहरा घेऊन सासूबाईंशी बोलते.

मी सगळं वर्ष ज्या धड्याची वाट पाहत होते तो जीवशास्त्रातला कानाचा धडा. तेवढ्यापुरतं तरी मला काही येत होतं. हातोडी, ऐरण, रिकीब, ती तीन इवलीशी हाडं, शंखासारखी वळलेली नळी, त्यातले केस. हे सगळं मी रोज दुकानातल्या तक्त्यावर बोट ठेवून लोकांना दाखवते. मी नवीन वही काढून बसले. सरांनी फळ्यावर कान काढला, बाण मारले, पुसला. "इसपे मुश्किल से एक क्वेश्चन आता है. आगे चलो." आणि ते डोळ्याकडे वळले. मला रडू यायचं बाकी होतं.

घरी अभ्यास म्हणजे वेगळीच कथा. मी पुस्तक उघडलं की नवरा अगदी प्रेमानं म्हणायचा, "तू अभ्यास कर, मी सगळं बघतो." मग पाच मिनिटांनी आतून आवाज यायचा, "जिरं कुठंय?" तो राइस मिलमध्ये हिशेब बघतो, पोत्यापोत्याचा हिशेब त्याच्या डोक्यात असतो, पण आमच्या चार डब्यांच्या स्वयंपाकघरात त्याला जिरं सापडत नाही. मी उठून द्यायचे. मग हळद. मग "ही कढई का ती?" शेवटी मीच भाजी करायचे आणि तो माझ्या पुस्तकाशेजारी बसून म्हणायचा, "बरंच अवघड आहे गं हे."

सासूबाई त्यांच्या गावाहून, कामठ्याहून, आमच्याकडे राहायला आल्या आहेत, मुलीला सांभाळायला. मुलगी दुसरीत. दोघींचं छान जमतं, कारण मुलीचा आवाज मोठा आहे. मी मोबाइलवर अभ्यासाचे व्हिडिओ लावले की सासूबाई शेजारी येऊन बसायच्या आणि विचारायच्या, "काय म्हनते तो मानूस?" आता मी त्यांना काय सांगू? एकदा मी वैतागून ओरडून सांगितलं, "आई, बेडकाला तीन कप्प्यांचं हृदय असते!" समोरच्या घरातली बाई दारात आली. तिला वाटलं आमच्याकडे कोणाला झटका आला.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण सेठजींना कळलं आणि खरा ताप सुरू झाला.

सेठजी माणूस वाईट नाहीत. त्यांनीच मला हे काम शिकवलं. पण कुठलीही गोष्ट घडायच्या आधीच तिची जाहिरात करायची त्यांना सवय आहे. मी सांगितलं की परीक्षा देते आहे, नंबर लागला तर काही वर्षं नागपूरला जावं लागेल, तेव्हा त्यांनी गल्ल्याचा खण लोटला. मला वाटलं, रागावले. मग म्हणाले, "पढ़ो बेटा, पढ़ो. वापस तो यहीं आओगी ना?"

"हाँ सेठजी, बघू."

त्यांनी माझं "बघू" ऐकलंच नाही. पुढच्या सोमवारी मी दुकानात आले तर दारावर नवाकोरा फ्लेक्स. एका बाजूला हसणारं गोरं बाळ, दुसऱ्या बाजूला माइक, आणि मध्ये मोठ्या लाल अक्षरांत "स्पीच थेरपी केंद्र". त्याखाली माझं नाव, तेही पुढे डॉ. लावून. आणि अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, "लवकरच".

"सेठजी, हे काय?"

"एडवान्स में लगाया है. लोगों को आदत पड़नी चाहिए."

"अहो पण मी परीक्षासुद्धा दिली नाही अजून! आणि मी डॉक्टर नाही. डिग्री घेऊन नोंदणी झाल्याशिवाय हे काम करता येत नाही."

"इसलिए तो 'लवकरच' लिखा है ना."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, गिऱ्हाईक आलं होतं. मी म्हटलं, दोन-तीन दिवसांत उतरवून घेऊ. त्या दोन-तीन दिवसांत जे व्हायचं ते झालंच.

पहिला आला तो नगर परिषदेला उभं राहू पाहणारा एक गृहस्थ. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बरोबर दोन कार्यकर्ते. खुर्चीत बसून म्हणाला, "मॅडम, माइकसमोर गेलो की मले घाम फुटते. शब्दच नाही निघत. आपल्याकडे स्पीचचा कोर्स किती दिवसाचा हाये?"

"हे ते स्पीच नाही हो. हे बोलण्याच्या अडचणींवरचे उपचार. मुलं, पक्षाघात झालेले लोक."

"मंग माइक काऊन काढला बोर्डावर?"

त्यानं कार्यकर्त्यांकडे पाहिलं, कार्यकर्त्यांनी माझ्याकडे. जाता जाता तो म्हणाला, "इलेक्शनच्या आधी सुरू झालं तर सांगजा." मग एक बाई आली, तिचा नवरा घोरतो म्हणून. मग झाडीपट्टीच्या नाटकात काम करणारा एक नट आला. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावोगावच्या जत्रांच्या, दिवसांत ओरडून ओरडून त्याचा आवाज पार बसला होता. त्याला खरंच कोणीतरी तपासायला हवं होतं. मी त्याला घशाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं तर तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "त्याईनंच इकडं पाठवलं."

आणि तिसऱ्या दिवशी ती अर्जुनीची बाई आली.

या वेळी ती भांडायला आली नव्हती. मुलीला नवा फ्रॉक घातला होता, केसांना तेल लावलं होतं. गावातल्या कोणीतरी बोर्डाचा फोटो मोबाइलवर पाठवला होता तिला. दुकानाच्या पायऱ्या चढतानाच ती हसत म्हणाली, "मॅडम, बरं झालं वो. आता नागपूरले जायाची गरज नाही. आता इथंच."

मी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मुलगी थेट माझ्या टेबलाखाली घुसली आणि सेलच्या रिकाम्या डब्या वाजवू लागली. मला कसं सांगावं ते कळेना. शेवटी सांगितलं की तो बोर्ड चुकीचा आहे. मी अजून शिकलेलेच नाही. शिकायला जाणार आहे, तेही नंबर लागला तर, आणि मग पुढची काही वर्षं मी इथं नसणारच.

तिचं हसू हळूहळू गेलं. "मंग बोर्ड कायले लावला?"

"तो मी नाही लावला."

"नाव तं तुमचं हाये."

सेठजी गल्ल्यामागून म्हणाले, "बहनजी, लवकरच लिखा है नीचे."

"मले वाचता येते," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. मग मला म्हणाली, "तुमाले थोडं तं येत असन. थोडं शिकवा. बाकी तुमी आल्यावर."

तेव्हा मला जे वाटलं ते लिहिणं अवघड आहे. मला थोडं येत होतं. तपासणी झाल्यावर नागपूरच्या मॅडमना मुलांबरोबर पाच-दहा मिनिटं बसलेलं मी इतक्यांदा पाहिलं होतं, की त्या काय करतात ते मी डोळे मिटून सांगितलं असतं. पण त्या तसं का करतात, कधी थांबतात, कुठल्या मुलाला काय द्यायचं नाही, हे मला येत नव्हतं. ते यावं म्हणून तर सगळी खटपट चालली होती. आणि "थोडं" म्हणून मी सुरू केलं असतं तर ही बाई दर आठवड्याला माझ्याकडे आली असती, समाधानानं घरी गेली असती आणि पोरीचं बोलायचं वय निघून गेलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही नागपूरलाच न्या. मी मॅडमना फोन करते, दिवस ठरवून देते. गाडीचं सांगते. पहिल्या वेळी मी येते बरोबर. पण न्याच. आता 'बरं' म्हणून जाऊ नका."

माझा आवाज चढला होता. ती चकित झाली. मीही झाले.

"ओरडता कायले?" ती म्हणाली.

"घरी सवय आहे," मी म्हटलं.

ती हसली नाही, पण दिवस लिहून घेतला.

ती गेल्यावर मी सेठजींना म्हटलं, बोर्ड आत्ता काढायचा. ते म्हणाले, छपाई झाली आहे, हवं तर "लवकरच" मोठं करून घेऊ, वरून पट्टी चिकटवू. तेवढ्यात नागपूरच्या मॅडमचा फोन आला. त्यांच्यापर्यंतही फोटो पोचला होता. त्या एरवी हसून बोलणाऱ्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. बोर्ड असेपर्यंत मी दुकानात पाय ठेवणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. सेठजींनी ऐकलं आणि म्हणाले, "कल देखते हैं."

उद्याचं काही मला ऐकायचं नव्हतं. शेजारच्या काचेच्या दुकानातून मी शिडी मागून आणली. पदर खोचला, साचे कापायची पाती घेतली आणि चढले. रस्त्यावरची माणसं थांबून बघू लागली. सेठजी खाली शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले आणि सारखे म्हणत होते, "गिर जाओगी बेटा, गिर जाओगी." मी दोऱ्या कापल्या. फ्लेक्स धाडकन त्यांच्या डोक्यावर पडला. आतून त्यांचा आवाज आला, "अच्छा, अब उतरो."

तो फ्लेक्स सासूबाईंनी एकदा गावी जाताना कामठ्याला नेला. जाड प्लास्टिक वाया कशाला घालवायचं? आता तो तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर पांघरलेला आहे आणि येणारे-जाणारे वाचतात. त्यांच्या एका शेजारणीनं मला फोनवर विचारलं, "डॉक्टरीन झालीस म्हणे?"

परीक्षेच्या आधी आणखी एक अडथळा होता. शिक्षणात इतकी वर्षं खंड का पडला याचं प्रतिज्ञापत्र. तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली टायपिंगवाले बसतात, आता त्यांच्याकडे लॅपटॉप असतात. त्यातल्या एकानं न विचारताच टाइप केलं, "घरगुती कारणास्तव."

"दादा, मी घरी बसले नव्हते. नोकरी करत होते. याच क्षेत्रात."

"ताई, बायांचं हेच लिहितात."

"पण खरं लिहा ना."

"खरं लिहिलं तर साहेब प्रश्न विचारतील. हे लिहिलं तर कोणी काही विचारत नाही."

मी हटून बसले. त्यानं सुस्कारा टाकून बदललं. साहेबांनी खरंच विचारलं, "कानाच्या मशिनी म्हणजे?" मी सांगितलं. त्यावर त्यांनी आपल्या वडिलांसाठी कोणती चांगली ते विचारलं, आणि मग सही केली.

परीक्षा झाली. भौतिकशास्त्रानं माझी पार दैना केली, जीवशास्त्रानं सावरलं. कानावर एकही प्रश्न आला नाही. पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे, तुले काय कमी हाये?" आणि नवरा म्हणाला, "पुढच्या वर्षी देऊ." हे "देऊ" ऐकून मी ताट आपटलं. दुसऱ्या यादीत नाव आलं, नागपूरलाच. घरात सगळे आनंदानं ओरडले, तेव्हा एकदा सासूबाईंना पहिल्या झटक्यात ऐकू आलं.

कागद तपासून घ्यायला आम्ही दोघं कॉलेजात गेलो. टेबलावरच्या बाईंनी फाइल चाळली, नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मुलीला पुढे पाठवा, पालकांनी मागे थांबा." नवरा तत्परतेनं मागे झाला. मी पुढे उभी राहिले. त्यांना कळायला जरा वेळ लागला, मग त्या इतक्या ओशाळल्या की सगळं काम मुकाट्यानं करून दिलं.

त्या खेपेला अर्जुनीची बाई तिथंच, मुलांना बोलायला शिकवतात त्या कॉलेजच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर भेटली. ती येत होती. पहिल्यांदा मी तिला आणून सोडलं तेव्हापासून, एखाद-दुसरा आठवडा सोडला तर. रोवणीच्या दिवसांत तिची जाऊ मुलीला घेऊन यायची. मी विचारलं, कशी आहे पोरगी? ती कपाळाला हात लावून म्हणाली, "काय सांगू मॅडम. बोलते तं आता. पन एकच बोलते. नाई. जेव म्हनलं तं नाई, झोप म्हनलं तं नाई. दिवसभर नाई, नाई. डोकं फिरून राहिलं माहं." ती खरोखरच वैतागली होती. मुलगी शेजारी बसून केळं खात होती. मी तिला म्हटलं, मला देतेस? तिनं केळं पाठीमागे लपवलं आणि सांगितलं ते मला स्पष्ट ऐकू आलं.

आता उरली माझी स्वतःची मुलगी. सोमवार ते शनिवार मी नागपूरला खोलीवर राहणार, रविवारी घरी. रोज जाऊन-येऊन करतात बरेच जण, मीही तसा विचार केला होता, पण पहिल्या वर्षी तरी ते झेपणार नाही असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. मुलीला हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आजीशी बोलायची, बापाशी बोलायची, मी आले की गप्प. मी गोड बोलले, रागावले, आइस्क्रीम आणलं. आइस्क्रीम खाल्लं, पण गप्पच.

निघायच्या आदल्या रविवारी मी तिचे केस विंचरत होते. तेव्हा ती एकदम म्हणाली, "आणि वेणी कोण घालणार?"

"आजी घालेल ना."

"आजी ओढते. मी ओरडते तरी तिला ऐकू येत नाही."

मग मी नवऱ्याला बोलावलं. तो आला, हात पुसत, भीत भीत. मी त्याला बसवलं, मुलीला त्याच्यापुढे बसवलं, कंगवा त्याच्या हातात दिला.

"तीन भाग करा. अहो तीन! दोन नाही."

"तीनच तर केले."

"हा कुठला तिसरा? हा तर अर्धाच आहे. पुन्हा करा."

त्यानं पुन्हा केले. पोत्यांचा हिशेब करणारा माणूस, तीन बटांमध्ये हरवला. उजवी मध्ये आणायची, मग डावी, मग पुन्हा उजवी, हे मी किती वेळा सांगितलं देव जाणे. मुलगी मान ताठ धरून बसली होती. मधूनच म्हणायची, "बाबा, डावी." सासूबाई दारात बसून बघत होत्या आणि मोठ्यानं शिकवत होत्या, ते मी शिकवत होते त्याच्या नेमकं उलट.

शेवटी एका बाजूची वेणी तयार झाली. वर सैल, खाली घट्ट, आणि डाव्या कानाकडे वळलेली. नवऱ्यानं रिबिनीची गाठ मारली, ती धान्याच्या पोत्याला मारतात तशी. मुलीनं आरशात जाऊन बघितलं, दोन्ही बाजूंनी.

मी म्हटलं, "सोड, मी नीट घालून देते."

"नको," ती म्हणाली. "उद्यापासून बाबांनाच घालायची आहे ना. करू दे." आणि पुन्हा बापापुढे येऊन बसली, दुसऱ्या वेणीसाठी.